किरकोळ केसचं वकीलपत्र

तालुक्याच्या कोर्टात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या बोर्डावर एकाच सकाळी दोन तऱ्हेची प्रकरणं लागलेली असतात. ट्राफिकच्या केसेस एका बाजूला: दारू पिऊन गाडी चालवली, लायसन नव्हतं, बेदरकार हाकली. दुसऱ्या बाजूला लोक ज्यांना ‘डी.व्ही.ची केस’ म्हणतात ते अर्ज, म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 खाली नवऱ्याविरुद्ध किंवा सासरच्यांविरुद्ध मागितलेले मनाई आदेश. या दोन्हींत आरोपीच्या किंवा सामनेवाल्याच्या बाजूने उभा राहणारा वकील आपल्याकडे फारसा मानाचा नाही. खुनाच्या खटल्यात आरोपीचा वकील असणं हे निदान कसब तरी समजलं जातं. इथे मात्र पहिल्या बाबतीत तो दंड भरून सुटणाऱ्या माणसाला उगाच खेळवत ठेवणारा ठरतो, आणि दुसऱ्या बाबतीत मारकुट्या नवऱ्याचा साथीदार. हा समज किती टिकतो ते पाहण्यासाठी दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. एक निवृत्त शिरस्तेदार, ज्यांना कोर्टात सगळे भाऊसाहेब म्हणत. दुसऱ्या फौजदारी बाजूच्या वकीलबाई. दोघंही कल्पित, कलमं, निकाल आणि आकडे तेवढे खरे. लेखकाचा कल वकीलबाईंकडे आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. तटस्थपणाचा आव आणून संवाद लिहायचा आणि शेवटी एकालाच जिंकवायचं, त्यापेक्षा हे सरळ.

भाऊसाहेब: वकीलबाई, तुमचं बोलणं सुरू होण्याआधी एक हिशोब मांडतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 15,224 आपल्या महाराष्ट्रातली. हेल्मेट नसल्यामुळे गेलेले देशभरात पन्नास हजारांवर. वेग हे सगळ्यांत मोठं कारण. म्हणजे ज्या गुन्ह्यांना तुम्ही-आम्ही किरकोळ म्हणतो, तेच हे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्तासुरक्षा समितीने 2015 मध्ये राज्यांना बजावलं की अतिवेग, सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाईल, दारू, या बाबतीत लायसन किमान तीन महिने निलंबित करा. 2019 मध्ये मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला, दारूचा दंड दोन हजारांवरून दहा हजारांवर गेला. सगळी यंत्रणा एका दिशेने जोर लावते आहे आणि तुम्ही कोर्टात उभ्या राहून विचारता, श्वास तपासणाऱ्या यंत्राचा दाखला कुठाय? ज्याने प्यायली त्याने पावती फाडावी आणि घरी जावं. त्यासाठी चार तारखा, हवालदाराचे हेलपाटे, साहेबांचा वेळ, आणि बाहेर दोनशे माणसं खोळंबलेली. याला तुम्ही बचाव म्हणता, आम्ही गर्दी म्हणत होतो.

वकीलबाई: तुमच्या आकड्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘पावती फाडावी आणि घरी जावं’ या वाक्याशी, कारण कायद्यात तसं लिहिलेलंच नाही. कलम 185 खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत झाला असेल तरच ही वाढीव शिक्षा होती. 2019 च्या दुरुस्तीने ती मुदत काढून टाकली. म्हणजे पंचविसाव्या वर्षी रांगेत उभं राहून दिलेली कबुली चाळिसाव्या वर्षीही त्या माणसाच्या मागे उभी असते. त्याहून मोठी गोष्ट कलम 20 मध्ये आहे. 185 खाली दोषी ठरलेल्याला कोर्टाने किमान सहा महिने लायसनसाठी अपात्र ठरवायचं आहे. रिक्षा किंवा टेम्पो चालवणाऱ्याचं सहा महिन्यांचं लायसन म्हणजे त्याचं घर आहे, भाऊसाहेब. दहा हजार तो कुणाकडून तरी उसने आणील. सहा महिन्यांची कमाई कुठून आणेल? आणि रांगेत उभं असताना हे त्याला कुणी सांगितलेलं असतं? हवालदार सांगत नाही, ते त्याचं काम नाही. न्यायाधीशांच्या बोर्डावर शंभर केसेस. पट्टेवाला म्हणतो, ‘कबूल म्हणा, लवकर सुटाल.’ उरतो तो वकील. अशा केसमध्ये माझं निम्मं काम उलटतपासाच्या आधीच संपतं. कबुली दिली तर काय काय होईल ते त्याला नीट समजावून द्यायचं, एवढंच ते काम. ते ऐकून त्याने कबूल केलं तर ती कबुली खरी. समन्स केसमध्ये आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी असं दंड प्रक्रिया संहितेत होतं आणि तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. शिवाय कबुली दिली तरी दोषी ठरवायचं की नाही हे न्यायाधीशांच्या विवेकावर ठेवलं आहे. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की रांगेतला माणूस सुटण्यासाठी काहीही म्हणतो. तुम्ही रोजनामे लिहिलेत. किती रोजनाम्यांत आरोपीचे स्वतःचे शब्द होते?

भाऊसाहेब: शब्द कुठून येणार? ‘गुन्हा कबूल, दया व्हावी’ एवढंच म्हणतात सगळे. पण मुद्दा तो नाही. समजावून सांगा, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या भागाला. माणूस प्यायलेला होता हे त्याला माहीत, तुम्हाला माहीत, हवालदाराला माहीत. तरी यंत्राच्या दाखल्यावरून, पंचनाम्यातल्या वेळेवरून तुम्ही त्याला सोडवता. पुढच्या शनिवारी तो पुन्हा पिऊन स्टेअरिंगवर बसणार. तेव्हा जो मरेल त्याचा हिशोब कुणाच्या नावावर मांडायचा?

हा आक्षेप वजनदार आहे, आणि बचावाच्या बाजूचे लोक त्याला बहुतेक वेळा घटनेतल्या हक्कांचं नाव घेऊन बगल देतात. वकीलबाईंनी तसं केलं असतं तर हा संवाद इथेच पडला असता. प्रश्न परिणामांचा आहे, तेव्हा उत्तरही परिणामांतच शोधावं लागतं.

वकीलबाई: ‘माहीत आहे’ म्हणजे कशावरून? कायद्याने मर्यादा आखली आहे ती शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोलची. तीस म्हणजे डोळ्यांनी दिसणारी नशा नव्हे. पस्तीसवाला माणूस सरळ चालतो आणि पंचवीसवाला कधी कधी झोकांड्या खातो. 1971 मध्ये बचूभाई करयाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून, प्रयोगशाळेचा आधार नसताना, माणूस दारूच्या अमलाखाली होता असं धरता येत नाही. म्हणून तर यंत्र आलं. आता यंत्रावर सगळी भिस्त ठेवायची आणि यंत्र तपासलं होतं का हे विचारायचं नाही, हे कसं चालेल? शिवाय तपासणी न केलेलं यंत्र एकाच दिशेने चुकत नाही. ते जसं अठ्ठावीसचं बत्तीस दाखवतं तसं बत्तीसचं अठ्ठावीसही दाखवतं. त्या दुसऱ्या चुकीतून जो सुटतो तो तुमच्या कोर्टात येतच नाही. तो सलाम ठोकून रस्त्यावर निघून जातो, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. माझ्या प्रश्नामुळे एक आरोपी सुटला आणि त्यानंतर ठाण्याने यंत्रं वेळेवर तपासून घेतली, तर शनिवारच्या रात्री रस्ता जास्त सुरक्षित होईल की कमी? जालन्याचं उदाहरण घ्या. 2014 च्या विधानसभा निवडणुकीवरून खोतकर आणि गोरंट्याल यांच्यात खटला चालला. त्यात पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं चित्रीकरण. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मूळ यंत्र कोर्टापुढे आणलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र पाहिजेच. किती लोकांनी तेव्हा त्याला तांत्रिक खुसपट म्हटलं असेल! नव्या साक्ष अधिनियमातही ती अट कायम राहिली, कारण ज्या चित्राला धनी नाही त्याच्यावर कुणाला शिक्षा द्यायची नसते. चौकातल्या कॅमेऱ्याला हेच लागू आहे. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167-अ हा नियम आला. कॅमेऱ्याला किंवा वेगमापकाला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायला हवं, अलीकडे ठळक फलक हवा, आणि गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत नोटीस जायला हवी. हे नियम मी केलेले नाहीत. सरकारने स्वतःसाठी केलेले आहेत. मी फक्त विचारते, पाळलेत का?

भाऊसाहेब: आणि फी? हेल्मेटचा दंड हजार रुपये. तुमची एका तारखेची फी त्याहून जास्त. गरिबाच्या कैवारासाठी गरिबाच्याच खिशात हात?

वकीलबाई: हेल्मेटच्या चलानला वकील लावायला सांगणारा वकील स्वतःची फी काढतो आहे, अशिलाचं हित नाही. फोटोत डोकं उघडं दिसतंय, गाडी त्याचीच आहे, तर दंड भरून मोकळं व्हावं. मीही तेच सांगते. फक्त एवढं जोडते की त्या कलमात हजार रुपयांच्या सोबत तीन महिन्यांची अपात्रताही लिहिलेली आहे, ती विसरू नकोस. लढायच्या केसेस वेगळ्या. लायसनवर गदा येणार असेल, कैद होऊ शकत असेल, अल्पवयीन मुलाने गाडी चालवली म्हणून बापावर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड येत असेल, किंवा नंबर प्लेट भलत्याचीच असेल. गाडी विकली पण आरसी पुस्तकावर नाव तसंच राहिलं, किंवा कुणीतरी आपला नंबर चोरून लावला, अशी माणसं ज्या चौकात कधी गेलीच नाहीत तिथली चलानं घेऊन येतात. त्यांना रांगेत उभं करून ‘कबूल म्हणा’ सांगणं हे मला रस्तासुरक्षेचं काम वाटत नाही.

इथे लोकअदालतीचा विषय निघणं स्वाभाविक आहे, आणि त्यावर लेखकाला आपलं म्हणणं मांडायचं आहे. राष्ट्रीय लोकअदालतीत थकलेली ई-चलानं ठेवली जातात, रक्कम कमी करून मिटवली जातात, आणि वर्तमानपत्रात मोठ्या वसुलीची बातमी येते. यात वावगं वाटू नये अशी रचना आहे खरी. पण लोकअदालतीला कायद्याने तडजोड घडवण्याचा अधिकार आहे, दोष-निर्दोष ठरवण्याचा नाही. 2008 मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जालोर सिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: तडजोड झाली नाही तर प्रकरण परत न्यायालयाकडे जायला हवं. परिणाम असा की ज्याने खरोखर सिग्नल तोडला त्याला लोकअदालतीत सूट मिळते, आणि जो म्हणतो ‘ती गाडी माझी नव्हेच’ त्याला तिथे ऐकणारं कुणी नसतं. तोही शेवटी सूट घेऊन पैसे भरतो, कारण वेगळी तारीख मागण्यापेक्षा ते स्वस्त. दोषी आणि निर्दोष यांना एकाच भावाने मोकळं करणारी यंत्रणा वेगवान असेलही, पण भाऊसाहेबांना जो धाक हवा आहे तो तिच्यातून निर्माण होत नाही. शिक्षा चुकीच्या माणसालाही होते आणि खऱ्यालाही सवलतीत मिळते हे एकदा गावाला कळलं, की लोक चलानाला पाणीपट्टीसारखं धरतात: थकवा, माफी योजना येईपर्यंत थांबा.

भाऊसाहेब: बरं, ट्राफिकचं राहू द्या. तिथे मी थोडा मागे सरतो. पण तुमची खरी परीक्षा दुसऱ्या फाईलमध्ये आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे 29 टक्के नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगतात. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागायला गेलेल्या फक्त 14 टक्के. म्हणजे कोर्टाच्या पायरीपर्यंत जी पोचते ती आधीच किती चाळण्यांतून आलेली असते ते बघा. 2005 चा कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, नोटीस दोन दिवसांत, आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करा. साठ दिवस! मी साठ दिवसांत निकाली निघालेला अर्ज शोधायला गेलो तर मला दिवा घेऊन हिंडावं लागेल. उशीर का होतो? सामनेवाल्याच्या वकिलामुळे. म्हणणं दाखल करायला मुदत, मग कागद मिळाले नाहीत, मग अशील आजारी, मग वकील दुसऱ्या कोर्टात. आणि शेवटी उलटतपास: ‘तुम्ही त्या दिवशी कुणाबरोबर फोनवर बोलत होतात?’ रस्त्यावरच्या केसमध्ये तुम्ही यंत्राला प्रश्न विचारता. इथे प्रश्न विचारता ते मार खाल्लेल्या बाईला. तीच नीती दोन्हीकडे कशी चालेल?

वकीलबाई: चालत नाही, आणि चालवूही नये. माझ्या व्यवसायातले बरेच लोक नेमकी हीच चूक करतात, म्हणून तुमचा राग मला समजतो. ट्राफिकच्या केसमध्ये राज्याने पुरावा द्यायचा असतो, आणि तो पुरला नाही तर माझा अशील सुटतो. मला तेवढंच हवं असतं. मनाई आदेशाचा अर्ज खटला नसतो. 2016 मध्ये कुनपरेड्डी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की या कार्यवाहीचं स्वरूप मुख्यत्वे दिवाणी आहे. 2022 मध्ये कामाची विरुद्ध लक्ष्मी नारायणन या निकालात असा अर्ज म्हणजे गुन्ह्याची तक्रार नव्हे, म्हणून त्याला एका वर्षाची मुदतही लागू नाही, असं ठरलं. सामनेवाला आरोपी नसतो. तो आरोपी होतो आदेश मोडला की. तेव्हा कलम 31 लागतं, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. आणि कलम 32 म्हणतं की पीडित स्त्रीच्या एकटीच्या साक्षीवर कोर्ट गुन्हा घडल्याचा निष्कर्ष काढू शकतं. हे सगळं एकत्र वाचलं तर सामनेवाल्याच्या वकिलाचं पहिलं काम काय ठरतं? अर्ज पाडणं हे नक्कीच नाही. पहिल्या दिवशी, अंतरिम आदेशाची प्रत हातात घेऊन, त्याला ओळ न् ओळ समजावून सांगणं: तिच्या ऑफिसात जायचं नाही, मुलीच्या शाळेच्या दारात उभं राहायचं नाही, तिच्या भावाला फोन करून निरोपही द्यायचा नाही, कारण कलम 18 मध्ये कोणत्याही मार्गाने संपर्क साधण्यावर बंदी घालता येते आणि दुसऱ्याकडून करवून घेण्यावरही. रागाच्या भरात केलेल्या एका मेसेजने तो अर्जातून उठून खटल्यात जाऊन बसतो. त्याला हे पटवू शकणारं माणूस त्याच्या बाजूचंच असावं लागतं. संरक्षण अधिकाऱ्याचं तो ऐकत नाही, पोलिसाचं ऐकतो ते तेवढ्यापुरतं. वकिलाचं ऐकतो, कारण वकिलाला त्याने पैसे दिलेले असतात. म्हणून म्हणते, चांगला बचाव हा त्या बाईच्या सुरक्षिततेचाच एक भाग असतो. हे तुम्हाला उफराटं वाटेल.

भाऊसाहेब: उफराटं नाही, सोयीचं वाटतं. आदेश समजावून सांगायला वकील कशाला? कारकूनही वाचून दाखवील. तुम्ही कोर्टात काय मागता ते सांगा.

वकीलबाई: नेमकेपणा मागते. हा कायदा घाईत आदेश देतो, आणि ते बरोबर आहे. कलम 23 खाली केवळ शपथपत्रावर एकतर्फी आदेश होतो, कारण मार थांबवायला पुरावा पूर्ण होईपर्यंत वाट पाहता येत नाही. पण घाईतला आदेश बहुधा अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदाची नक्कल असतो: ‘सामनेवाल्याने कोणताही संपर्क साधू नये, घरात येऊ नये, खाती वापरू नयेत.’ आता त्याच आदेशात दरमहा पोटगी भरायचीही सांगितलेली असते. खातं गोठवलेलं, संपर्क बंद, पैसे कुठून आणि कसे द्यायचे? मुलाला रविवारी भेटायची मुभा दिली, पण मुलाला दारापर्यंत आणणार कोण, आणि ते सांगण्यासाठी फोन करायचा की नाही? अशा आदेशाखाली माणूस एक तर पैसे चुकवतो किंवा मनाई मोडतो. आणि आदेश मोडला असं ती सांगायला गेली की ठाण्यातला अंमलदार म्हणतो, ‘यात घर म्हणजे कुठलं घर ते लिहिलेलं नाही.’ संदिग्ध आदेशाचा पहिला फटका तिलाच बसतो. म्हणून मी मागते: पत्ता लिहा, संपर्कासाठी एक मार्ग ठेवा, संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा दोन्ही वकिलांमार्फत, मुलाची भेट तिसऱ्या ठिकाणी ठरवा, त्याची हत्यारं आणि दुकानाची वही आणायला पोलिसांसोबत एक तास द्या, चालू खात्यातून पोटगी परस्पर वळती करा. यांतली कुठली मागणी तिच्याविरुद्ध आहे? आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. कलम 25 प्रमाणे अंतिम संरक्षण आदेशाला मुदत नसते. ती स्वतः रद्द करून मागेपर्यंत तो चालू राहतो. परिस्थिती बदलली तर दोघांपैकी कुणीही बदल मागू शकतं, पण तो मागावा लागतो. आयुष्यभर पुरेल असा आदेश लिहिला जात असताना ज्याच्यावर तो लागणार त्याच्या बाजूने कुणी बोलूच नये, असं म्हणणं मला पटत नाही. 2016 मध्ये हरसोरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सामनेवाल्याच्या व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले. सासू, नणंदही सामनेवाल्या असतात. त्यांतल्या काही जणींचा दोष खरा असतो, काही जणींचं फक्त नाव यादीत असतं. हे वेगळं करणार कोण?

भाऊसाहेब: आणि तो फोनचा प्रश्न?

वकीलबाई: तो मी विचारत नाही. असभ्य आणि केवळ बदनामीसाठी विचारलेले प्रश्न थांबवण्याचा अधिकार साक्ष अधिनियमाने न्यायाधीशांना पूर्वीपासून दिलेला आहे. तो वापरला जात नाही, ही तक्रार माझीही. पण थोडं पुढे जाऊ. माझ्या अशिलाने मारलं आहे हे मला त्याच्या बोलण्यावरून कळलं, तर मी अर्जातली प्रत्येक ओळ नाकारणारं म्हणणं दाखल करत नाही. मारहाण नाकारायची नाही, रक्कम आणि अटींवर बोलायचं. हे त्याला पटत नसेल तर वकीलपत्र सोडायचं. बार कौन्सिलचे नियम दोन्ही गोष्टी सांगतात. आपल्या फीला येणारं वकीलपत्र नाकारू नये, असं एकीकडे. आणि अशिलाला गैर आणि लबाडीच्या मार्गांपासून परावृत्त करावं, ऐकतच नसेल तर त्याचं काम चालवू नये, असं दुसरीकडे. 2010 मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वकील संघांचे ‘अमक्याचं वकीलपत्र कुणी घेऊ नये’ असले ठराव बेकायदा ठरवले, तेव्हा पहिला नियम सगळ्यांच्या तोंडी झाला. दुसरा कुणी फारसा उच्चारत नाही. उशिराबद्दल तर मी तुमच्याच बाजूची आहे. तारीख मागणं म्हणजे बचाव नव्हे. कारण नसताना तारीख मागितली तर खर्च बसवावा, आणि तो अशिलावर नको, वकिलावरच बसवावा.

या शेवटच्या वाक्यावर भाऊसाहेब गप्प बसतील असं नाही. शिरस्तेदाराला ठाऊक असतं की साठ दिवसांचे सहाशे दिवस होतात त्याला सामनेवाल्याचा वकील हे एकच कारण नसतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे दुसऱ्या दहा जबाबदाऱ्या असतात, घरगुती घटनेचा अहवाल वेळेवर येत नाही, बेलिफाला पत्ता सापडत नाही, न्यायाधीशाची बदली होते. पण भाऊसाहेब जे म्हणत होते त्यातला एक भाग वकीलबाईंच्या उत्तराने पुसला जात नाही, आणि लेखकालाही तो पुसता आलेला नाही. वकीलबाई ज्या बचावाचं वर्णन करतात तो वेळ मागतो, आणि वेळ पैशाने मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ते योग्यच आहे. पण रिक्षावाला उत्पन्नाच्या मर्यादेच्या किंचित वर असला तर त्याला मिळत नाही, आणि त्याला परवडणारा वकील एका सकाळी पंधरा केसेसमध्ये उभा राहतो. त्या पंधरांत प्रत्येकाला कलम 20 समजावून सांगितलं जातं, प्रत्येक आदेश ओळ न् ओळ वाचून दाखवला जातो, असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही. मात्र यावरून बचाव काढून टाकावा हे सिद्ध होत नाही, तो अधिक लोकांना मिळावा एवढंच होतं. गुन्ह्यांच्या केसेसमध्ये मोफत बचाव देण्यासाठी 2022 पासून जिल्ह्यांत पगारी बचाव वकिलांची व्यवस्था सुरू झाली आहे. तिचा रोख मुख्यतः मोठ्या खटल्यांवर, कोठडीतल्या माणसांवर आहे. ट्राफिकच्या रांगेशेजारी तिथला एक वकील रोज तासभर बसला आणि कबुलीआधी प्रत्येकाशी दोन मिनिटं बोलला, तर खर्च फार नाही आणि गर्दीही वाढत नाही. उलट जे कबूल करतील ते समजून कबूल करतील, आणि ज्यांची गाडी खरोखर त्या चौकात नव्हती ते वेगळे निघतील.

भाऊसाहेब: शेवटचं विचारतो. समजा तुमच्या त्याच अशिलाने, ज्याला तुम्ही आदेश ओळ न् ओळ समजावला, तो आदेश मोडला. रात्री जाऊन दार वाजवलं. कलम 31 लागलं. त्याचंही वकीलपत्र घ्याल?

वकीलबाई: घेईन. पहिल्यांदा बघेन, आदेशाची प्रत त्याला मिळाली होती का आणि कधी. मिळाली नसेल तर तो मुद्दा मांडेन, कारण ज्याला आदेश माहीत नाही त्याने तो मोडला असं म्हणणं जड आहे. पण तुमच्या प्रश्नात प्रत मीच त्याच्या हातात दिली होती, म्हणजे तो मुद्दा गेला. मग त्याला सांगेन की तिच्या एकटीच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, आणि जामीन हक्काने मिळणार नाही. जामिनाच्या अर्जात मी स्वतःच अट सुचवेन की तो त्या गल्लीत पाऊल ठेवणार नाही, भावाच्या गावी राहील आणि तिथल्या ठाण्यात हजेरी देईल. ती अट मी मागितली तर तो पाळण्याची शक्यता जास्त. सरकारी वकिलांनी मागितली तर तो तिला शिक्षा समजेल आणि मोडायचा रस्ता शोधेल.

भाऊसाहेब: आणि ती? तिला कोण कळवणार की तो जामिनावर बाहेर आलाय?

वकीलबाई: ते आज कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही, भाऊसाहेब. संरक्षण अधिकाऱ्याला लेखी कळवावं असा आदेश त्याच जामिनाच्या अर्जावर मागता येतो. मी तो मागेन.